वकिलांचा शब्द आणि त्याचे ठिकाण

(कांदिवली येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



पक्षकार तारखेसाठी ताटकळत उभा आहे आणि त्याचे वकील मोबाईलवर घटनेच्या एकविसाव्या कलमाविषयी कोणा अनोळखी माणसाशी हुज्जत घालीत आहेत, हे दृश्य बोरिवलीच्या किंवा दिंडोशीच्या न्यायालयात जाणाऱ्या कार्यकर्त्यांना नवे नाही. समाजमाध्यमांवर तासन् तास मतप्रदर्शन करणारे वकील पुरोगामी गोटातही थोडे नाहीत. त्यांच्या मतांशी भांडण नाही. पुष्कळदा ती मते पक्षाचीच असतात. प्रश्न आहे तो, वकिलाच्या शब्दात कायद्याने जी विशेष शक्ती ठेवली आहे, ती कोठे खर्ची पडावी हा. न्यायालयात केलेल्या अर्जाला प्रतिपक्षास, मग तो सरकार का असेना, सामोरे जावे लागते आणि न्यायाधीशाला त्यावर आदेश द्यावा लागतो. समाजमाध्यमावरील टिप्पणीला उत्तर देण्यास कोणीच बांधलेले नसते. टिप्पणी करण्याचा हक्क वकिलाला आहे तितकाच शिंप्यालाही आहे. वकालतनामा दाखल करण्याचा हक्क मात्र शिंप्याला नाही.

आरेचे उदाहरण कांदिवलीपासून फार लांबचे नाही. 4 ऑक्टोबर 2019 रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी करवती चालू झाल्या. समाजमाध्यमांवर संतापाचा पूर आला. तो संताप खरा होता आणि त्यामुळे अनेक तरुण आरेत धावून गेले, हेही मान्य केले पाहिजे. परंतु अटक झालेल्या 29 जणांना रविवारी, 6 तारखेला, जामीन मिळाला तो सुट्टीच्या दिवशी न्यायालयात उभ्या राहिलेल्या वकिलांमुळे. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबविली ती कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पाठविलेल्या पत्रावरून. तोवर दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली होती. ज्येष्ठ मंडळी लिहीत राहिली आणि पत्र धाडण्याचे विद्यार्थ्यांना सुचले, ही गोष्ट वकीलवर्गाने मनाला लावून घेण्याजोगी आहे.

आणखी एक गोष्ट. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, आणि त्या पसंत केल्या, म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्या अटकेला ज्याचा आधार घेतला गेला ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले, ते श्रेया सिंघल या तरुणीच्या याचिकेवर. म्हणजे आज ज्या स्वातंत्र्यावर वकीलमंडळी रात्ररात्र जागवितात, ते स्वातंत्र्यसुद्धा याचिकेने टिकले.

समाजवादी चळवळीला हा मार्ग अपरिचित नाही. मृणाल गोरे आणि प. बा. सामंत यांनी सिमेंट प्रकरणी सभा घेतल्या, मोर्चे काढले. पण त्याच वेळी ते उच्च न्यायालयातही गेले. जानेवारी 1982 मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल लागला आणि मुख्यमंत्री अंतुले यांना पायउतार व्हावे लागले.

यावर कोणी प्रशांत भूषण यांचे नाव घेईल. 2020 मध्ये दोन ट्वीटबद्दल त्यांना न्यायालयाच्या अवमानासाठी दोषी ठरविण्यात आले, एक रुपया दंड झाला, आणि त्यांनी माफी मागितली नाही. त्या दोन टिप्पण्यांना वजन होते, कारण त्यांच्यामागे अनेक वर्षांच्या जनहित याचिका होत्या. न्यायसंस्थेवर टीका करू नये, असे येथे कोणी म्हणत नाही.

या सवयीचे आर्थिक मूळही पाहिले पाहिजे. वकील परिषदेच्या नियम 36 प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. मार्च 2025 मध्ये भारतीय वकील परिषदेने समाजमाध्यमांवरील जाहिरातबाजीचा पुन्हा निषेध केला. ज्याच्या वडिलांचे फोर्टात कार्यालय आहे त्याला पाटीची गरज नसते. ज्येष्ठांच्या हाताखाली तुटपुंज्या पैशांवर राबणाऱ्या उपनगरातील तरुण वकिलाला टिप्पणी हीच पाटी वाटते. त्याला नुसते दटावून उपयोग नाही. त्याला काम हवे आहे, आणि काम तर कांदिवलीत पडले आहे.

7 डिसेंबर 2015 रोजी कांदिवली पूर्वेच्या दामूनगरात आग लागली. शेकडो झोपड्या जळाल्या आणि त्यांच्याबरोबर माणसांची कागदपत्रेही. झोपडपट्टीत राहणाऱ्याचे घर भिंतींवर उभे नसते, कागदावर उभे असते. पुनर्वसन योजनेच्या परिशिष्ट-2 मध्ये नाव नसेल तर कुटुंब अपात्र ठरते, आणि अपील करावयाचे तर पुरावे लावून, मुदतीत, योग्य अधिकाऱ्यापुढे. या अपिलाचा मसुदा कोणी समाजमाध्यमावर टाकीत नाही. त्याला टाळ्या पडत नाहीत.

मोफत विधी साहाय्याचे कलम 39-अ घटनेत आले ते 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने. ज्या दुरुस्तीविरुद्ध समाजवादी झगडले, तिच्यातली ही एक बरी तरतूद! पुढे 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. त्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. आकुर्ली रस्त्यावरील किती कामगारांना हे ठाऊक आहे?

कांदिवली शाखेने दामूनगरात आणि हनुमाननगरात आठवड्यातून एक संध्याकाळ टेबल मांडून बसावे, असा प्रस्ताव आहे. वकील मिळविण्यासाठी पहिली हाक समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्यांनाच द्यावी. रात्री दहानंतर ते जागे असतात, हे सर्वांना ठाऊकच आहे.