गुडघे टेकून वाजणारा ड्रम

मारबतीच्या मिरवणुकीतला ढोल-ताशा ऐकत वाढलेल्या नागपूरकरांना आज तालवादक त्रिलोक गुर्टूंची ओळख करून द्यायची आहे. जन्म १९५१, मुंबईचा. आई ठुमरीगायिका शोभा गुर्टू, मूळच्या बेळगावच्या. घरात गाणं, हाताखाली लहानपणापासून तबला.

पुढे ते पाश्चात्त्य ड्रमकडे वळले, पण तबला सोडून नव्हे. साधारणपणे ड्रमवादक स्टुलावर बसतो. त्रिलोक मात्र जमिनीवर गुडघे टेकून वाजवतात. समोर तबला, ड्रम, झांजा, सगळं एकत्र. वाजती झांज ते मध्येच पाण्याच्या बादलीत बुडवतात आणि तिचा सूर हळूच वाकतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे काय वाजतंय ते उमगत नाही!

चाहते भुलतात ते या करामतीला, असं वाटेल. मला मात्र मोठी वाटते ती त्यांची लय. तोंडानं बोल म्हणत म्हणत ते तेच बोल ड्रमवर उतरवतात. मात्रा कितीही तोडल्या तरी ठेका डोलता राहतो, आणि ऐकणाऱ्याची मान बरोबर समेवर हलते. अस्सल तालीमच ही. १९८९ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्यासोबत झालेल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, ते जरूर ऐका. त्याआधी १९८८ साली त्रिलोक यांचा ‘उसफ्रेत’ हा अल्बम आला. त्यात लेकाच्या ड्रमवर शोभाताई स्वतः गायल्या आहेत.