राष्ट्रसंरक्षणाची घडण

श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आदिलाबाद जिल्ह्यातील गुडीहत्नूर या गावावरून जातो. ज्या भूमीवर आज एकाच राष्ट्राचा हा अखंड रस्ता आहे, ती १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात मोडत असे. राष्ट्राचे संरक्षण म्हणजे काय, हे समजून घ्यावयाचे तर त्या राज्याच्या अखेरच्या वर्षाइतका बोलका दाखला दुसरा मिळणे कठीण.

हैदराबाद संस्थानापाशी स्वतःचे सैन्य होते. मेजर जनरल एल इद्रूस हे त्याचे सेनापती. परंतु त्या सैन्याच्या जोडीला कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखाली रझाकारांची सशस्त्र संघटना उभी राहिली. तिला गणवेश होता, शस्त्रे होती. पण तिला जाब विचारणारे न्यायासन नव्हते. शस्त्र एका हाती आणि उत्तरदायित्व कोणाच्याच हाती नाही, अशी स्थिती झाली की रयतेचे रक्षण करणारा कोण आणि तिला लुटणारा कोण, हे ओळखणे अशक्य होते. मराठवाड्यातील व तेलंगणातील खेड्यापाड्यांनी हा अनुभव घेतला.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना संस्थानात शिरली. मुख्य चढाई सोलापूरच्या बाजूने झाली आणि तिचे नेतृत्व मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्याकडे होते. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. दुसऱ्या दिवशी एल इद्रूस यांनी चौधरींपुढे रीतसर शरणागती पत्करली. चौधरी लष्करी प्रशासक झाले. तथापि ही सत्ता सैन्याने आपल्यापाशी ठेवली नाही. १९४९ च्या अखेरीस लष्करी प्रशासन संपले आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्ण राव यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले.

या विजयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कारवाईच्या काळात व त्यानंतर संस्थानातील मुसलमान प्रजेवर भयंकर अत्याचार झाले. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा आकडा कमीत कमी २७ ते ४० हजार असावा, असा अंदाज दिला. हा अहवाल पुष्कळ वर्षे अप्रकाशित राहिला. उस्मानाबाद, नांदेड, बीदर व गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचली. काही ठिकाणी सैनिकांनी लोकांचे प्राण वाचविले, तर काही ठिकाणी गणवेशधारी लोकही लुटीत सामील झाले, असे त्या समितीला आढळले. जिंकणे एक आणि जिंकल्यानंतर दुर्बळाला अभय देणे दुसरे. सेनेच्या शिस्तीची खरी कसोटी या दुसऱ्या कामी लागते.

म्हणूनच मोठ्या राष्ट्राच्या संरक्षणव्यवस्थेत सर्वांत आधी विचार करावयाचा तो अधिकाराच्या साखळीचा. राज्यघटनेने संरक्षणदलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे दिले आहे. पण ते कायद्यानुसार चालावे, असेही त्याच कलमात सांगितले आहे. प्रत्यक्ष निर्णय मंत्रिमंडळ घेते, आणि मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते. स्थलसेना, नौसेना व वायुसेना यांना आपापले प्रमुख आहेत. तिन्ही दलांत मेळ राहावा म्हणून १ जानेवारी २०२० पासून संरक्षणदल प्रमुख हे पद अस्तित्वात आले. सीमा सुरक्षा दल मात्र १९६५ पासून गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत आहे.

या रचनेत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. स्थलसेनेच्या दक्षिण विभागाचे मुख्यालय पुण्यात, नौसेनेच्या पश्चिम विभागाचे मुंबईत, आणि तिन्ही दलांच्या भावी अधिकाऱ्यांना एकत्र शिकविणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी खडकवासल्यास आहे. आदिलाबादच्या उत्तरेस चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती येथे दारूगोळ्याचा कारखाना आहे. आघाडीवरच्या एका सैनिकामागे कारखान्यातील कामगार, रस्ते बांधणारा अभियंता, रुग्णालयातील परिचारिका आणि कर भरणारा शेतकरी उभा असतो.

नागरी सत्तेच्या अधीन सेना असावी, याचा अर्थ सेनापतींचे म्हणणे कानाआड करावे, असा नव्हे. १९६२ च्या चिनी आक्रमणात पूर्वतयारीतील उणिवांची जबर किंमत देशाला मोजावी लागली. त्यानंतर यशवंतराव चव्हाण मुंबईहून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, आणि स्थलसेनेच्या प्रमुखपदी हैदराबादच्या मोहिमेतील तेच जे. एन. चौधरी आले. मंत्र्याने धोरण ठरवावे, सेनापतीने निर्भयपणे सल्ला द्यावा व ठरलेले काम पार पाडावे, या परस्परविश्वासावर पुढील वर्षांत सैन्याची पुनर्रचना झाली आणि १९६५ च्या युद्धात तिची परीक्षा झाली.

आज त्या महामार्गावरून लष्कराची वाहने गेली तर रस्त्याकाठचा शेतकरी भयाने दार लावून घेत नाही. आपल्या मुलालाही सैन्यात जागा मिळावी, असे तो मनात म्हणतो. हा विश्वास शस्त्रागारात तयार होत नाही. सैनिक कायद्याला बांधलेला आणि राज्यकर्ता लोकांना बांधलेला असेल, तेव्हाच तो उपजतो. आणि त्या दोघांना बांधून ठेवण्याचे काम शेवटी जागरूक नागरिकाचेच असते.