गंजलेली ब्रेक-डिस्क

गोंदिया जिल्ह्यांत ज्या घरीं धानाची शेती आहे, त्या घरची मोटार पावसाळ्यांत पुष्कळदां अंगणांतच उभी असते. रोवणीच्या दिवसांत सारा व्यवहार बांधीच्या चिखलांत चालतो. तेथें तिचें काय काम? वरून ताडपत्री घातली कीं मालक निश्चिंत होतो. पण ओल खालून येते. माझ्या मोटारीचें असेंच झालें. दिवाळीच्या सुमारास पुढील चाकांच्या ब्रेक-डिस्क बदलावयास मी बसलों, तों उजवीकडील डिस्क कांहीं केल्या निघेना.

ही डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी. दोन्ही अंगांनीं ब्रेक-पॅड तिला आवळतात व चाक थांबतें. इंग्लंडांत लँचेस्टर यांनीं या जातीच्या ब्रेकचें पेटंट १९०२ सालींच घेतलें होतें. एका ओल्या रात्रींत तिच्या तोंडावर जो तांबूस थर चढतो तो पहिल्या दोन-चार ब्रेकांत पुसला जातो. त्याची चिंता नको. घातक गंज दडलेला असतो तो डिस्क जेथें हबला टेकते तेथें. गंज हा मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळें त्या चिंचोळ्या फटींत पाचर ठोकल्याप्रमाणें दोन्ही भाग जखडले जातात.

चाक काढल्यावर गाडी नुसत्या जॅकवर ठेवूं नये, लोखंडी स्टॅण्डवर टेकवावी. कारण पुढें ठोकाठोक करावयाची आहे. कॅलिपर सोडून तारेनें वर बांधावा, रबरी नळीवर लोंबूं देऊं नये. इतकें सारें मीं नीट केलें, हातोडा उचलला, आणि पाव तास घाम गाळल्यावर ध्यानांत आलें कीं, डिस्कला हबशीं धरून ठेवणारा एक लहानसा स्क्रू गंजाखालीं तसाच आहे! कित्येक गाड्यांत तो असतो. आधीं तो शोधावा.

स्क्रू निघाला तरी डिस्क हालली नाहीं. मग गंज सोडविणारें पातळ तेल मधल्या फटींत सोडून रात्रभर थांबलों. पुष्कळशा डिस्कना आटे पाडलेलीं दोन भोंकें असतात. बहुधा त्यांत ८ मिलिमीटरचे बोल्ट बसतात. ते हबला टेकेपर्यंत फिरवावे, आणि मग एकदां हा, एकदां तो, असे पाव-पाव फेरा आवळीत जावें. मधून मधून डिस्कच्या मधल्या उंच भागावर, ती फिरवीत, ठोके द्यावे. डिस्क पुन्हां वापरावयाची असेल तर पॅड घासतात त्या भागावर मात्र ठोकूं नये. बीड ठिसूळ असतें. आमच्या लोहारानें तापविण्याचा सल्ला दिला. बैलगाडीच्या चाकाची धाव तापवून चढवितात, तेंच हें तत्त्व, आणि तें खोटें नाहीं. पण येथें शेजारींच बेअरिंगचें वंगण व रबरी भाग असतात, म्हणून मीं तें टाळलें. सकाळीं बोल्ट आवळतां आवळतां ‘ठक्’ असा आवाज झाला आणि डिस्क सुटली.

आणि येथेंच मी चुकलों. त्या आनंदांत हब फडक्यानें पुसल्यासारखा करून नवी डिस्क चढविली. गाडी ठीक चालली. पण हबवर राहिलेली गंजाची खपली डिस्कला किंचित् तिरकी धरते, आणि कडेला तो डोल वाढतो; मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका डोलही पुरतो. प्रत्येक फेऱ्याला पॅड तिला त्याच जागीं घासतें, आणि हळूहळू तिची जाडी विषम होते. माघांत कुटुंबासह नवेगावबांधकडे जात असतां चितळांचा कळप रस्त्यावर आला. मीं जोरानें ब्रेक दाबला, तों स्टीअरिंग हातांत थरथरूं लागलें. गाडी थांबली, पण फार थोडें अंतर उरलें होतें. मागें बसलेलीं मुलें गप्प झालीं.

पुन्हां सारें उघडलें. या वेळीं तारेच्या ब्रशानें हब उजळ धातु दिसेपर्यंत घासला, मधली कडाही सोडली नाहीं, आणि पुन्हां गंजून चिकटूं नये म्हणून वंगणाचा अगदीं पातळ हात दिला. पॅड घासतात तेथें त्याचा थेंबही लागूं दिला नाहीं. ती चार महिन्यांची डिस्क मात्र टाकून दुसरी घ्यावी लागली.

चाक चढविल्यावर गाडी हालविण्यापूर्वीं ब्रेकचें पेडल कठीण लागेपर्यंत अनेकदां दाबावें. पॅड बसवितांना कॅलिपरचा पिस्टन मागें ढकललेला असतो, म्हणून पहिलें दाबणें रिकामें जातें. तें अंगणांतच जाऊं द्यावें, फाटकाबाहेर नव्हे.