डाग, कळा आणि माझी एक्सेल शीट

आजचा एपिसोड हेडफोन लावून ऐका, असं म्हणणार होते. पण नकोच. स्पीकरवर लावा, घरच्यांनाही ऐकू दे.

मागच्या वर्षी माझं हिमोग्लोबिन ८ वर आलं होतं. पाळीत दोन-दोन तासांनी पॅड बदलायचे. मीटिंगमधून उठताना आधी खुर्चीकडे बघायचं, ही सवयच झाली होती. सोनोग्राफी, रक्ततपासण्या सगळं झालं आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्यांसोबत हॉर्मोनचं आययूडी सुचवलं.

तांबी नाही हं! तांबीने पाळीत उलट जास्त जाऊ शकतं. हे प्लास्टिकचं, टी आकाराचं. माझ्यातल्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हॉर्मोन आहे, ५२ मिलिग्रॅम. सुरुवातीला रोज साधारण २० मायक्रोग्रॅम गर्भाशयात सुटतं. त्याने आतलं अस्तर पातळ होतं, म्हणून रक्तस्राव कमी होतो.

बसवताना दुखलं. खोटं कशाला सांगू? एक जोरदार कळ आली, आणि मग तीन-चार दिवस ओटीपोटात पाळीसारखं दुखत होतं. गरम पाण्याची पिशवी आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी, यावर निभावलं.

खरा वैताग पुढे होता. डाग. मी इंजिनियर, त्यामुळे लगेच एक्सेल शीट केली. पहिल्या ६० दिवसांत ४१ दिवस डाग! आई म्हणाली, “अगं, काढून टाक ते. नसती ब्याद.” मलाही पटलं. काढायचं ठरवूनच गेले.

डॉक्टरांनी शीट नीट बघितली. म्हणाल्या, “तुला हवं असेल तर आत्ता काढते, निर्णय तुझा. पण तू दिवस मोजलेस. पॅड मोजलेस का?”

मोजले नव्हते. आठवून बघितलं, तर बरेच दिवस पँटीलायनरवरच भागलं होतं. दिवस वाढले होते, रक्त कमी झालं होतं. त्याच दिवशी तपासलेलं हिमोग्लोबिन १०.५ निघालं. चुकीचा कॉलम बघत होते मी!

पहिले ३ ते ६ महिने असे अनियमित डाग पडणं नेहमीचं आहे. पुढे बहुतेकींना पाळी हलकी होते. वर्षभराने साधारण पाचातल्या एकीची पाळी थांबतेच. आईला याचीच धास्ती, “आत साठून राहत असेल.” तिला सांगितलं, आई, अस्तरच वाढत नाहीये, तर साठणार काय?

पण सगळंच “होतं असं” म्हणून सोडायचं नाही. ताप, घाण वास येणारा स्राव, गोळीनेही न थांबणारं पोटदुखणं, तासाला पॅड भिजणं, किंवा दोरा हाताला न लागणं, यातलं काहीही झालं तर डॉक्टरांना लगेच दाखवा. गरोदरपणाची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर त्याच दिवशी, कारण गर्भ नळीत असू शकतो. आणि लैंगिक आजारांपासून हे वाचवत नाही, त्यासाठी कंडोमच.

मी ठेवलं. माझ्या मैत्रिणीने पाच महिन्यांनी काढलं, तिला ते झेपत नव्हतं. तिचंही बरोबरच. फक्त ठरवण्याआधी दोन कॉलम लिहा: दिवस आणि पॅड.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!