वॅट नंतर, आधी ओहम बघा
मिरवणुकीतली डॉल्बी ऐकून आपल्या कोल्हापूरकरांच्या डोक्यात एक बसलंय: वॅट जास्त, म्हणजे आवाज जास्त. घरातल्या १८ इंची सबवूफरला हा हिशोब लावू नका. ५०० ऐवजी १००० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला, तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल.

म्हणून आधी ओहम बघा. ४ ओहमच्या दोन कॉइल सिरीजमध्ये जोडल्या तर ८ ओहम, पॅरललमध्ये २. जो अ‍ॅम्प २ ओहमला बनवलेलाच नाही, त्याला पॅरलल जोडलं की तो तापून बंद पडणार, नाहीतर जळणार. दुकानात पीएमपीओचा आकडा सोडा, "माझ्या ओहमला आरएमएस किती?" एवढंच विचारा. सबवूफरच्या आरएमएसच्या आसपास असला की पुरे.

वाचलेले पैसे चांगल्या खोक्यावर घाला. सब कोपऱ्यात सरकवून बघा, बास फुकटात वाढतो. फक्त तो भिंतीतून शेजारीही पोचतो बरं का! निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची आहे. आवाजाचं बटण शेवटी आपल्याच हातात असतं. भेटू पुढच्या भागात!