एस.टी.चा मार्ग मोकळा करावा काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



एस.टी.चे मार्ग खासगी गाड्यांना खुले करावेत की नाही, हा आजचा विषय कोणाला रुक्ष वाटेल. पण सुनेला श्रीवर्धनला दवाखान्यात न्यावयाचे असो, मुलीचे कॉलेज असो, की बोर्लीचा बाजार असो, आपले पाऊल गाडीपाशीच अडते. ज्या घरी दुचाकी आहे तेथेही ती बहुधा पुरुषांच्या हाती असते. म्हणून हा विषय पुरुषांइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, आपला आहे.

प्रथम थोडी मागची हकीकत. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेली. त्यापूर्वी रस्त्यावरची वाहतूक खासगी मालकांकडे होती. आपल्या किनाऱ्याला आगबोटीचा आधार होता. पण पावसाळ्यात तोही तुटे. सरकारने वाहतूक आपल्या हाती घेतली त्यामागचा हिशेब एकत्र कुटुंबासारखा होता. कमावत्या भावाने धाकट्याला सांभाळावयाचे, तसे भरल्या मार्गाच्या पैशावर रिकाम्या मार्गाची गाडी चालवावयाची. आडगावाला गाडी पोहोचली ती या हिशेबामुळे.

आता काही जण म्हणतात, हा मक्ता पुरे झाला. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. गाड्या जुन्या, फेऱ्या थोड्या, ही तक्रार महाराष्ट्रभर ऐकू येते. ज्याला शेजारी दुकान नाही, त्या दुकानदाराला गिऱ्हाइकाची घाई कळत नाही.

याचा एक प्रयोग आपल्याच राज्यात होऊन गेला आहे. २०२१ च्या अखेरीस एस.टी. कामगारांचा मोठा संप झाला व तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या काळात सरकारने खासगी बसेस, शाळांच्या बसेस, इतकेच काय, मालवाहू गाड्यांनाही उतारू नेण्याची मुभा दिली. म्हणजे रस्ता मोकळाच होता. पण मुभा मिळाली म्हणून कोणावर सक्ती होत नाही. चार उतारूंसाठी भरपावसात वळणावळणाच्या रस्त्याने रिकामी गाडी आणावी, असे कोणत्या मालकाला वाटेल? यात त्याचा दोषही नाही. त्याला कर्जाचा हप्ता भरावयाचा असतो.

परदेशचा अनुभवही ऐका. इंग्लंडात लंडनखेरीज इतरत्र २६ ऑक्टोबर १९८६ पासून बसवाहतूक मोकळी केली. गर्दीच्या रस्त्यांवर गाड्यांची चढाओढ लागली आणि तोट्याच्या फेऱ्या चालविण्यासाठी नगरपालिकांना पदरचे पैसे मोजावे लागले. अखेर मँचेस्टरने २०२३ ते २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने आपल्या बसेस पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणल्या. गाड्या आजही कंपन्याच चालवितात. पण मार्ग, वेळा आणि भाडे तेथील लोकनियुक्त संस्था ठरविते. उलट, जर्मनीने २०१३ साली दूर पल्ल्याची वाहतूक खुली केली, तेव्हा मोठ्या शहरांमध्ये स्वस्त गाड्या पुष्कळ झाल्या. लांबचा भरला मार्ग आणि गावोगावचा विरळ मार्ग यांना एकच न्याय लावून चालत नाही, एवढे यावरून दिसते.

आपल्या गावाचा विचार करा. सुट्ट्यांच्या दिवसांत पर्यटकांसाठी मुंबई-पुण्याहून गाडी आणावयास पुष्कळ मालक तयार होतील. पण आषाढातल्या मंगळवारी म्हसळ्याला जावयास गाडी कोण सोडणार? भरल्या दिवसांचे उत्पन्न त्यांनी न्यावे आणि रिकाम्या दिवसांचा तोटा तेवढा एस.टी.च्या गळ्यात राहावा, असे झाले तर आज आहे ती फेरीही जाईल.

दुसरी गोष्ट पैशाची. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त आपणां स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. खासगी गाडीत ही सवलत नाही. म्हणजे एस.टी.ची फेरी बंद पडली, की आपले भाडे त्याच दिवशी निदान दुप्पट झाले म्हणून समजा.

म्हणून माझे मत असे. खासगी गाड्यांना सरसकट नकार नको, पण मोकळे रानही नको. ज्याला सुट्ट्यांतला मुंबईचा मार्ग हवा, त्याने बारमाही गावची एक फेरीही पत्करावी. स्त्रियांची व वृद्धांची सवलत त्यालाही लागू करावी आणि तिची भरपाई सरकारने द्यावी. वेळापत्रक माणगावच्या रेल्वेशी आणि दिघी-आगरदांडा फेरीबोटीशी जुळवावे. नाहीतर गाडी येऊनही उतारू धक्क्यावर ताटकळत राहावयाचा.

हे मागावयाचे तर पुरावा हवा. मंडळाने एक वही घालावी, अशी माझी सूचना आहे. महिनाभर प्रत्येकीने त्यात लिहावे: कोणत्या वारी, किती वाजता, कोठे जावयाचे होते, गाडी मिळाली का, आणि नाही मिळाली तर किती खर्च पडला. ज्या बाई गाडी नाही म्हणून घरातून निघाल्याच नाहीत, त्यांची नोंद तर अवश्य व्हावी. कारण तिकिटांच्या हिशेबात त्या कधीच दिसत नाहीत. ती वही घेऊन आपण श्रीवर्धन आगाराच्या व्यवस्थापकांकडे, आणि तेथून पुढे आमदारांकडे जाऊ.

पुढल्या वर्धापनदिनी या वहीचे काय झाले ते येथेच सांगता यावे, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.