समुद्राचें बिऱ्हाड

बिऱ्हाड बदलण्याचा प्रसंग प्रत्येक गृहस्थाच्या आयुष्यांत केव्हां ना केव्हां येतो. भांडींकुंडीं बांधून झालीं, नव्या घराची झाडलोट झाली, म्हणजे संसार हलला असें तो समजतो. परंतु जें बिऱ्हाड काचेच्या चार भिंतींत, खाऱ्या पाण्यांत मांडलेलें असतें, तें याच समजुतीनें हलविल्यास मोडतें. कारण त्या घराचे सर्वांत महत्त्वाचे रहिवासी डोळ्यांना दिसतच नाहींत.

समजा, एका गृहस्थाच्या दिवाणखान्यांत २०० लिटरांची समुद्रजलाची टाकी पांच वर्षें सुखानें नांदत आहे. तींत प्रवाळखडकाचे तुकडे, तळाशीं वाळू, एक समुद्रफूल आणि त्याच्या आश्रयानें राहणारी नारिंगी क्लाउन माशांची जोडी आहे. गृहस्थ ४०० लिटरांची नवी टाकी आणतो. हेतु उत्तम आहे. पाणी जितकें अधिक, तितके त्याच्या उष्णतामानांत व खारटपणांत होणारे बदल सावकाश होतात. परंतु तो एका रविवारीं जुनें पाणी ओतून देतो, दगड घासून लख्ख करतो, वाळू नळाखालीं धुतो आणि नव्या पाण्यांत मासे सोडतो. पाणी आरशासारखें दिसतें. आणि थोड्याच दिवसांत मासे पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकूं लागतात. टाकी मोठी झाली, पाणी स्वच्छ झालें. मग उणें काय पडलें?

या प्रश्नाचें उत्तर शास्त्राला हळूहळू सांपडलें. १८५० च्या सुमारास लंडनमध्यें रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें मासे, पाणवनस्पति व गोगलगाई एकत्र ठेवल्यास टाकीचा समतोल टिकतो, असें दाखविलें. १८५३ सालीं तेथील प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें. पाणी निर्मळ राखण्याचें श्रेय तेव्हां मुख्यतः वनस्पतींना दिलें जाई. पुढें १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की यानें मातींतील सूक्ष्म जंतूंचें एक निराळेंच कार्य उघडकीस आणलें. असेच जंतु टाकींतहि असतात. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. कांहीं जंतु त्याचें नायट्राइट करतात, तर दुसरे त्या नायट्राइटाचें नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ विषारी. तिसरा पुष्कळ सौम्य. समुद्राचें पाणी किंचित् अल्कधर्मी असल्यामुळें त्यांत अमोनियाचें विष अधिक तीव्र होतें. हे उपकारक जंतु पाण्यांत फारसे तरंगत नाहींत. ते दगडांवर, वाळूवर व गाळणीवर चिकटून राहतात. गृहस्थानें घासून टाकली ती घाण नव्हे, तर पांच वर्षांची वस्ती होती.

म्हणून स्थलांतराचा क्रम या वस्तीच्या सोयीनें ठरवावा लागतो. प्रथम जागा पाहावी. ४०० लिटर समुद्रजलाचेंच वजन ४१० किलो भरतें, मग काच, दगड व वाळू निराळींच. नवें पाणी आदल्या दिवशींच तयार ठेवावें. त्यासाठीं क्लोरीन काढलेल्या शुद्ध पाण्यांत लिटरास सुमारें ३५ ग्रॅम या प्रमाणांत सागरी क्षार विरघळवावे, आणि खारटपणा व उष्णतामान जुन्या टाकीशीं जुळवावें.

हलविण्याच्या दिवशीं, तळ ढवळण्यापूर्वीं, वरचें निवळ पाणी पिंपांत काढून घ्यावें. दगड त्याच पाण्यांत बुडवून ठेवावे. त्यांवरील स्पंज उघड्या हवेंत मरतात आणि मागाहून पाणी नासवितात. समुद्रफूल ओढून काढूं नये. त्याचा पाया फाटला तर तें बहुधा जगत नाहीं. तें ज्या दगडाला धरून बसलें असेल त्या दगडासकट उचलावें. दगड निघाल्यावर मासे सहज हातीं लागतात. त्यांच्या पिंपांत हवेचे बुडबुडे चालू ठेवावे.

खरा धोका जुन्या वाळूंत असतो. तिच्या खालच्या थरांत वर्षांनुवर्षांचा गाळ सांचतो, आणि जेथें प्राणवायु पोंचत नाहीं तेथें सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायु तयार होतो. ती वाळू जशीच्या तशी ओतली तर तें सारें विष एकदम पाण्यांत मिसळतें. म्हणून नवी वाळू घालावी आणि जुन्या वाळूच्या वरच्या थरांतील थोडी तींत पसरावी. जुनी गाळणी ओलीच आणून नव्या टाकीवर चालू करावी. सर्व स्थिरस्थावर झाल्यावर, शेवटीं मासे सोडावे.

यानंतर मोठ्या टाकीचा मोह आवरावा लागतो. रिकामी जागा दिसली कीं नवे मासे आणावेसे वाटतात. परंतु जंतूंची वस्ती जुन्याच कुटुंबापुरती असते. निदान महिनाभर नवा पाहुणा आणूं नये. पहिले दोन आठवडे खाणें बेतानें द्यावें, अमोनिया व नायट्राइट रोज तपासावीं, आणि तीं आढळल्यास कांहीं पाणी ताबडतोब बदलावें. नवा दिवा प्रखर असेल तर प्रवाळांना त्याची संवय हळूहळू लावावी.

असें केल्यास पाणी प्रथम थोडें गढूळ दिसेल, दगड मळकट दिसतील, आणि पाहणारा कदाचित् नाकहि मुरडील. परंतु क्लाउन माशांची जोडी समुद्रफुलाच्या बाहूंत परतून निर्धास्त डोलूं लागली, म्हणजे बिऱ्हाड सुखरूप पोंचलें असें गृहस्थानें समजावें. तरीहि पुढचे दोन आठवडे तपासणी मात्र सोडूं नये.